कंपासरावांची वाऱ्यावरची खिडकी

सेक्रेटरींच्या निळ्या पॅन्टची उसवलेली शिवण आत्याने काळ्या दोऱ्याने घातली, आणि तिथून सगळं बिघडत गेलं.

आता पॅन्टच्या आतली शिवण कोण बघायला जातं? पण इमारतीचे सेक्रेटरी म्हणजे गळक्या नळाखाली बोट धरून 'हे थेंब नेमके कोणाच्या घरातले?' असं विचारणारा माणूस. पॅन्ट उलटी करून, दोन्ही हातांवर आडवी घेऊन ते दारात उभे राहिले आणि आवाज शक्य तितका मऊ करून म्हणाले, "आत्या, राग मानू नका, पण हे मुद्दाम केलंत का?"

आत्याने पॅन्ट घेतली, डोळ्यांपाशी नेली, लांब धरली, जिन्यातल्या उजेडात जाऊन पाहिली. मग ती घेऊन आत गेली. जेवणं झाल्यावर तिने भाच्याला बोलावलं.

"बाळ्या, धाकट्याला कळव. मी त्याच्याकडे राहायला जाते. काळं-निळं कळेना झालं की सुई खाली ठेवलेली बरी. तिथे निदान पोरांना गोष्टी सांगीन."

बाळ्या म्हणजे कंपासराव. नगरपालिकेच्या पाणीखात्यात नकाशे काढणारे, पन्नाशी उलटलेले गृहस्थ. खिशात सदैव कंपास, त्यामुळे प्रत्येक शर्टाला डाव्या बाजूला भोक, आणि प्रत्येक भोकाला आत्याचं रफू. ते इतकं बेमालूम असे की साहेबांना वाटे, हा माणूस दर महिन्याला नवा शर्ट घेतो, म्हणजे याला वरची कमाई असणार. दोघा भावांना आत्यानेच वाढवलं होतं, सुईच्या टोकावर. ती सुई खाली ठेवणार म्हटल्यावर कंपासरावांनी धाकट्याला फोन लावला खरा, पण नाइलाजाने.

धाकट्याला मात्र आनंदाचं भरतं आलं. "दादा, मी तर कधीपासून म्हणतोय! केवढी बाल्कनी आहे माझ्याकडे. समोर नुसती झाडं. रविवारी गाडी घेऊनच येतो."

या प्रेमाला नेमका आत्ताच पूर का यावा, अशी शंका कंपासरावांना आल्याशिवाय राहिली नाही. धाकट्याच्या मुलांना सांभाळणारी बाई त्याच आठवड्यात काम सोडून गेली होती. योगायोग असेलही. पण कंपासराव योगायोग मानणाऱ्यांतले नव्हते.

"या रविवारी नको. महिनाअखेरीच्या रविवारी ये."

"तोवर काय होणार आहे?"

"उजेड होणार आहे," कंपासराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. बोलून तर बसले. आता करणं आलं.

आत्याची खोली घराच्या मागच्या अंगाला. तिची खिडकी दोन इमारतींच्या मधल्या बोळात उघडायची. पूर्वी तिथे दुपार टळेपर्यंत चांगलं ऊन यायचं. मग दोन्ही इमारतींच्या एकत्र कमिटीने गच्चीवर पाण्याची नवी टाकी बसवली, आणि टाकीची सावली बरोबर आत्याच्या खिडकीवर येऊन बसली. टाकीची जागा सेक्रेटरींनी स्वतः गच्चीवर उभं राहून ठरवली होती. समोरच्या इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर त्यांचं बाथरूम, आणि तिथे पाण्याचा जोर त्यानंतरच वाढला, हेही कंपासरावांनी मनात नोंदवून ठेवलं होतं. खोली अंधारी करायची आणि वर येऊन विचारायचं, मुद्दाम केलंत का!

उपाय सांगायला सगळे धावून आले. समोरच्या काकू म्हणाल्या, जास्त ताकदीचा बल्ब लावा. सेक्रेटरी म्हणाले, भिंतींना चुना मारा. कोणी म्हणालं चष्मा बदला, कोणी म्हणालं आत्याच बदला, म्हणजे खोली. आत्याने सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट सांगितली: बल्बच्या उजेडात रंग खोटं बोलतात. त्यात तपकिरी लाल दिसतो, निळा काळा दिसतो आणि पांढरा तर कोणाचाही होतो. दोरा जुळवायचा तर सूर्याचाच उजेड पाहिजे. खोली बदलायलाही ती तयार नव्हती. शिवणाचं मशीन, कपाट आणि लोकांच्या कपड्यांचा ढीग त्या खोलीत इतकी वर्षं मुरला होता, की तो हलवला असता तर भिंतच पडली असती.

कंपासरावांनी मग खिडकीचा नकाशा काढायला घेतला. विचार साधा होता. टाकीच्या सावलीपलीकडे, बोळाच्या मध्यावर, ऊन पडत होतंच. खिडकीतून एक लोखंडी हात तिथवर लांबवायचा, त्याला आरसा लावायचा, आणि उन्हाला म्हणायचं, या आत. पण मोठा आरसा लावला तर वारा अडणार. म्हणून आरशाच्या अरुंद पट्ट्या, एकीखाली एक, मधून हवा जाईल अशा. पण सूर्य सरकतो, पट्ट्या कोण फिरवणार? इथे कंपासरावांच्या बुद्धीने अशी काही उडी घेतली की तिला नंतर खाली उतरताच आलं नाही. बोळात सकाळी वारा एका बाजूने येतो आणि दुपारी दुसऱ्या. पट्ट्यांना पत्र्याचं शेपूट लावलं तर वाराच त्या फिरवील. म्हणजे सूर्याच्या मागे आरसा, आरशाच्या मागे वारा, आणि मागे आत्या. नकाशावर हे फारच सुंदर दिसत होतं.

"आणि वारा चुकला तर?" बायकोने विचारलं.

"वारा चुकत नाही."

"अहो, वाऱ्याला तुमचा नकाशा दाखवलात का?"

कंपासरावांनी नकाशाची गुंडाळी केली. मात्र वाऱ्याचा भरवसा नको म्हणून त्यांनी पट्ट्यांना दोन्ही बाजूंनी आरसा लावायचं ठरवलं. कुठूनही फिरली तरी उजेड देणार. हा त्यांच्या शहाणपणाचा कळस, आणि पुढच्या सगळ्या अनर्थाचं मूळ.

काचवाल्याने मापं ऐकली, कंपासरावांकडे निरखून पाहिलं आणि आवाज खाली आणत विचारलं, "सलून टाकताय?"

"नाही हो. खिडकी करतोय."

"दोन्ही बाजूंनी आरसा असलेली खिडकी," काचवाला म्हणाला. "असू दे. आपण कोणाला बोलत नाही."

आणि त्याने ताबडतोब सलूनवाल्याला सांगितलं. सलूनवाल्याचं दुकान इमारतीच्या तळमजल्यावर. दुसऱ्या दिवशी कंपासराव दाढीला गेले तेव्हा खुर्चीवरचं कापड नेहमीपेक्षा जास्त आवळून बांधलं गेलं.

"कंपासराव, एवढी वर्षं तुमची दाढी केली. कधी कापलं का?"

"कधीच नाही."

"मग आमच्या पोटावर का उठलात?"

कंपासराव समजावू लागले: ऊन, टाकी, आत्या, वारा, शेपूट. वस्तरा गालावर असताना माणसाने असं भरभर बोलू नये. शेपूट हा शब्द उच्चारताना ओठ पुढे आला आणि मिशीची डावी बाजू कमी झाली. मग उजवीही तेवढीच करावी लागली. करता करता मिशी उरली ती नाकाखाली डाग पडल्यासारखी. ऑफिसात साहेबांनी विचारलं, "घरी सगळं ठीक ना?" त्या प्रश्नातली काळजी कंपासरावांना अजिबात आवडली नाही.

खिडकी बसली त्या सकाळचा उजेड मात्र खरोखर बघण्यासारखा होता. पट्ट्यांनी ऊन उचललं आणि खोलीत टाकलं. पलंगावर, मशीनवर, भिंतीवर उजेडाच्या रेघा उमटल्या आणि वाऱ्याच्या झुळकीबरोबर हलकेच डोलू लागल्या. आत्याने हाताचा तळवा एका रेघेखाली धरून पाहिला. मग तिने दोऱ्याची रिळं पलंगावर मांडली: निळं, काळं, गर्द हिरवं, चॉकलेटी. बोट ठेवून एकेकाचं नाव घेतलं. एकही चुकलं नाही. तिने सेक्रेटरींची पॅन्ट उसवली, निळ्या दोऱ्याने पुन्हा शिवली आणि घडी घालून समोर पोचती केली.

"बाळ्या," ती म्हणाली, "देवाने तुला डोकं दिलंय. कधीमधी चालतं."

एवढी स्तुती कंपासरावांच्या वाट्याला बायकोकडून लग्नाच्या फोटोतसुद्धा आली नव्हती. त्या आनंदात ते दिवसभर तरंगले.

उजेड एका जागी ठरत नव्हता, ही गोष्ट खरी. पण आत्याने त्यावर आपली पद्धत काढली. ती स्टूल घेऊन उजेडामागे सरकत सरकत शिवायची. पलंगाशी सुरू केलेली उशीची खोळ पुरी व्हायची तेव्हा ती दाराशी पोचलेली असायची. कधी अर्धा टाका घालून थांबायची आणि उजेड परत येईपर्यंत सुई वर धरून बसायची. पण काळ्याला काळं आणि निळ्याला निळं दिसत होतं, आणि कोपऱ्यात भरून ठेवलेली बॅग तिने पलंगाखाली सारली होती. कंपासरावांना दुसरं काही नको होतं.

पण वाऱ्याने नकाशा पाहिला नव्हता.

बोळातल्या वाऱ्याला सकाळ-दुपार असं काही वेळापत्रक नसतं, हे पहिल्याच आठवड्यात कळून आलं. तो वरून यायचा, खालून यायचा, मध्येच घुटमळायचा. पट्ट्या गरकन फिरायच्या आणि उजेडाचे तुकडे समोरच्या इमारतीवर सैरावैरा धावत सुटायचे. कोणाच्या ताटात पडले, कोणाच्या टकलावर बसले, कोणाच्या झोपलेल्या बाळाच्या डोळ्यांवर गेले. त्याहून वाईट म्हणजे फिरता फिरता पट्टी क्षणभर थांबे आणि तिच्यात कोणाचं तरी घर दिसे.

आता या बोळाची एक जुनी रीत होती. ती कुठे लिहिलेली नव्हती, पण सगळे निष्ठेने पाळत. खिडक्या समोरासमोर असल्या तरी कोणी कोणाच्या घरात बघायचं नाही. म्हणजे बघायचं, पण कपडे वाळत घालताना, कुंडीला पाणी घालताना, पडद्याची कडी नीट करताना. एका माणसाला दिवसातून किती वेळा पडद्याची कडी नीट करावी लागते, असं कोणी कोणाला विचारायचं नाही. या समजुतीवर दोन्ही इमारतींचा शेजारधर्म टिकून होता. आणि आता त्या शेजारधर्मावर कंपासरावांनी दोन्ही बाजूंनी आरसा लावला होता.

लोक खिडक्या लावून घेऊ लागले. जिन्यात भेटले की बोलणं तोडून खोकू लागले. सेक्रेटरी एकदा वाटेत गाठून म्हणाले, "कंपासराव, सरळ विचारतो. कोणावर नजर ठेवताय?"

"कोणावरच नाही! आत्याला उजेड..."

"उजेड आत जातो. तुमचा बाहेर येतोय."

घरातही वातावरण निवळलेलं नव्हतं. बायको चहा ठेवताना कप बशीवर जरा जोरात ठेवू लागली. अखेर एकदा तिने विचारलंच, "ती खिडकी नीट करायला रोज समोरच्या काकू केस वाळवतात तेव्हाच बरं जावंसं वाटतं तुम्हाला?"

"वारा तेव्हाच येतो."

"हो. आणि वारा चुकत नाही!"

कंपासरावांचा संशय आता सगळ्यांवर होता. धाकट्याने सेक्रेटरींना फितवलं असेल. काकूंनी बायकोचे कान भरले असतील. सलूनवाला तर उघड शत्रू. पट्ट्यांच्या बिजागऱ्यांना तेल घालताना त्यांना वाटे, सगळ्या बोळाचे डोळे आपल्या पाठीवर आहेत. आणि ते खरंही होतं.

मग काकूंच्या मांजराने घात केला. एका दुपारी वारा वेड्यासारखा सुटला आणि उजेडाचा एक तुकडा काकूंच्या पडद्यावर येऊन नाचू लागला. मांजराने त्याच्यावर झडप घातली. पडदा, दांडी आणि मांजर असे तिघेही खाली आले. पडद्यामागे काकू खुर्ची टाकून बसलेल्या, डोळ्यांवर लांबचा चष्मा, हातात चहा, मांडीवर बिस्किटांचा डबा. अशी नाटकाला बसल्यासारखी बैठक अख्ख्या बोळाने पाहिली. काकूंनी क्षणभर इकडेतिकडे बघितलं, मग डब्यातलं एक बिस्कीट उचलून मांजराला दाखवत मोठ्याने म्हणाल्या, "ये, ये, कधीची तुला शोधतेय!"

संध्याकाळ व्हायच्या आत तक्रार गेली. कोणी केली ते कधीच कळलं नाही. बहुतेक सगळ्यांनी केली असावी.

नगरपालिकेच्या बांधकाम खात्याचे साहेब आले. खिडकीसमोर हात मागे बांधून उभे राहिले.

"हे काय आहे?"

"खिडकी."

"खिडकी उघडते किंवा मिटते. ही फिरते. फिरतं ते यंत्र."

"याला मोटार नाही, साहेब. वाऱ्यावर चालतं."

"मग मालक कोण? तुम्ही की वारा?" साहेबांनी पुढे वाकून पाहिलं. "शिवाय चकाकतं. चकाकतं ते जाहिरात फलकात जातं. कशाची जाहिरात करताय?"

"कशाचीच नाही."

"कशाचीच जाहिरात न करणारा फलक," साहेब गंभीर झाले. "याला तर नियमच नाही. म्हणजे फारच मोठं प्रकरण आहे. आणि हा हात बोळात आलाय. हवेवर अतिक्रमण."

"साहेब, मी आपल्याच नगरपालिकेत आहे. पाणीखात्यात. नकाशे काढतो."

कंपासरावांना वाटलं होतं, एवढ्याने काम होईल. साहेबांचा चेहरा उलट आणखी बंद झाला. "अस्सं! म्हणजे नियम माहीत असून केलंत." त्यांनी एका पट्टीत बघून भांग नीट केला, दात तपासले आणि निकाल दिला: इमारतीच्या कमिटीची हरकत नसेल तर खिडकी राहील, असेल तर उतरवायची. तोवर आपण काही पाहिलंच नाही असं धरायचं.

सभा गच्चीवर भरली, टाकीच्या सावलीत. दोन्ही इमारतींची माणसं घरच्या खुर्च्या घेऊन आली. कंपासरावांनी जमिनीवर खडूने आकृती काढली होती. आत्याने येताना अर्धवट शिवलेली खोळ बरोबर आणली होती आणि ती एका बाजूला टाके घालत बसली.

"माझी तक्रार स्पष्ट आहे," सेक्रेटरींनी सुरुवात केली. "या आरशातून खालच्या काकूंचा स्वयंपाकघरातला ओटा दिसतो. उद्या माझाही दिसेल."

"तुम्हाला कुठून दिसला?" काकूंनी विचारलं.

"माझ्या बाथरूमच्या झडपेतून."

"ती झडप तर छताजवळ आहे," सेक्रेटरींची बायको म्हणाली. आणि मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उगवू लागलं. "म्हणून माझं स्टूल रोज बाथरूममध्ये सापडतं होय!"

"मी हवेसाठी चढतो!"

"हवा कशी आहे माझ्या ओट्यावरची?" काकूंनी विचारलं.

"तुम्ही बोलू नका! तुम्ही जिन्यातल्या बायकांना सांगितलंत, मी आरशासमोर भाषणाची तालीम करतो. ते तुम्हाला कसं कळलं? माझी खोली तुमच्या डोक्यावर आहे!"

यानंतर सभा हाताबाहेर गेली. ज्याने तोंड उघडलं तो सापडला. तळमजल्यावरचा सलूनवाला म्हणाला, याच्या आरशात माझं गिऱ्हाईक दुसऱ्या सलूनमध्ये जाऊन आलेलं दिसलं. ते गिऱ्हाईक तिथेच बसलेलं होतं आणि त्याने हळूच टोपी घातली.

इथे कंपासरावांनी गप्प बसायला हवं होतं. पण आकृती काढलेली होती आणि माणूस नकाशाखात्यातला. ते उठले, खडू हातात घेतला.

"मंडळी, शास्त्र बघा. आरशात मला ज्याचा डोळा दिसतो, त्यालाच माझा डोळा दिसतो. हा कोन आणि हा कोन सारखाच. म्हणजे मी बघतोय हे ज्याला दिसलं, तो आरशात बघतच होता. त्याशिवाय अशी तक्रार होऊच शकत नाही!"

 टाकीत पाणी पडताना ऐकू आलं. भांडणारी सगळी माणसं एकमेकांना विसरली आणि एकजुटीने कंपासरावांकडे बघू लागली. खरं बोलणाऱ्या माणसाकडे लोक ज्या नजरेने बघतात ना, त्याच नजरेने.

"खिडकी उतरवावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा," सेक्रेटरी म्हणाले.

सगळे हात वर गेले. त्यांत एक हात ओळखीच्या बांगड्यांचा होता.

"तूसुद्धा?" कंपासराव पुटपुटले.

"पाहुणे आले की दुकानातली मिठाई मी घरच्या डब्यात भरते," बायको कानाशी म्हणाली. "काकूंनी मला काल दुकानाचं नाव विचारलं हो!"

कंपासराव सोडले तर हात वर नव्हता तो फक्त आत्याचा. तिच्या एका हातात खोळ होती आणि दुसऱ्यात सुई. तिने दोरा दातांनी तोडला, खोळ काकूंच्या मांडीवर ठेवली. "उरलेल्यांचे कपडे जसे आहेत तसे परत करीन," ती म्हणाली. "रागाने नाही हं. मला दिसणार नाही म्हणून."

खिडकी उतरली. लोखंडी हात निघाला, पट्ट्या गोणपाटात गुंडाळून माळ्यावर गेल्या. खोलीत टाकीची सावली आपल्या जुन्या जागी येऊन बसली. आत्याने बॅग पलंगाखालून ओढली आणि ती ढीग उपसायला बसली. अर्ध्या शिवलेल्या शर्टांच्या, बाह्या नसलेल्या फ्रॉकच्या, चेन तुटलेल्या पिशव्यांच्या घड्या घालून ती दारोदार नेऊन देऊ लागली. काकूंचा नवा पडदा बिनकडेचा परत गेला. सलूनवाल्याची गिऱ्हाइकांच्या गळ्याभोवती बांधायची कापडं तशीच दोरे लोंबत गेली. सेक्रेटरींच्या बायकोचा एका बाजूने घट्ट केलेला ड्रेस दुसरी बाजू सैल ठेवून गेला.

"अशी कशी जाता आत्या?" काकू दारात म्हणाल्या. "माझ्या खिडकीला काय लावू?"

"लावू नका काही," आत्या साधेपणाने म्हणाली. "आता आरसा कुठाय?"

रविवारी धाकटा आला. गाडी खाली लावून, चकचकीत बूट दाराबाहेर काढून, नवा शर्ट घालून.

"चला आत्या. पोरं वाट बघतायत."

"पोरं की पोरांची आई?" कंपासराव बोलून गेले.

"दादा, तुझ्या मनातून संशय कधी जायचा नाही. मी तिला उजेडात नेतोय. तुला काय जमलं?"

कंपासरावांनी माळ्याकडे पाहिलं. ते आत्याच्या पलंगाच्या कडेला बसले. बॅग दाराशी होती. मशीनवर झाकण बसलं होतं. ते झाकण लहानपणापासून त्यांनी कधी बसलेलं बघितलं नव्हतं, आणि आता तिकडे बघवेना.

आत्याने चपला शोधता शोधता धाकट्याकडे पाहिलं. "शर्टाचं बटण लोंबतंय तुझं."

"असू दे आत्या. घरी गेल्यावर."

"बटण लोंबत ठेवून माझ्या घरातून कोणी गेलेलं नाही. काढ शर्ट."

धाकटा बनियनवर बसला. आत्याने दोऱ्याची दोन रिळं काढली, शर्टाला लावून बघितली, खिडकीकडे वळवली, पुन्हा बघितली. तिचे हात थांबले. "बाळ्या, हा मरून आहे की चॉकलेटी?"

कंपासरावांनी डोळे बारीक केले. त्यांनाही कळेना. मरून म्हणावं आणि चूक निघावी, तर काळजाला आणखी एक टाका.  आत्याने रिळं मांडीवर ठेवली.

"बघितलंस?" ती धाकट्याला म्हणाली. "म्हणून येते तुझ्याकडे."

तेवढ्यात भिंतीवर उजेडाचा एक चौकोन उमटला.

तो थरथरत होता. भिंतीवरून खाली आला, कपाटावर ठेचकाळला, चुकून धाकट्याच्या बनियनवर गेला आणि तिथून आत्याच्या मांडीवर येऊन स्थिरावला. पाठोपाठ दुसरा आला, लांबट. मग एक गोल. तिघांनी एकमेकांना सांभाळून घेत मांडीवर जागा केली.

कंपासराव ताडकन उठून खिडकीशी गेले. समोर काकूंच्या खिडकीत ड्रेसिंग टेबलाचा अख्खा आरसा कठड्यावर टेकवलेला होता आणि काकू तो फडक्याने पुसत होत्या, फार वेळ, एकाच जागी. वरच्या झडपेतून एक हात बाहेर आला होता आणि त्यात दाढीचा आरसा. मागून सेक्रेटरींच्या बायकोचा आवाज येत होता, "स्टूल मी धरलंय, डावीकडे घ्या, डावीकडे!" आणि जिन्याच्या खिडकीत सलूनवाला हातातला आरसा धरून उभा होता, गिऱ्हाइकाला मानेमागचे केस दाखवतात तसा, मान किंचित कलती करून.

"हेरगिरी!" कंपासरावांचा आवाज चिरकला. "माझी खिडकी उतरवली आणि आता हे स्वतः...! थांबा, मी कमिटीला कळवतो. मी नगरपालिकेत जातो. दिवसाढवळ्या लोकांच्या घरात आरसे मारून बघतायत! आत्या, पडदा लाव. अहो, पडदा कुठाय आपला?"

"आपल्याला पडदा कधी नव्हताच," दारातून बायको म्हणाली.

"दादा, ओरडू नकोस," धाकटा म्हणाला. "आत्या, निघायचं ना? ऊन वाढतंय."

आत्याचं लक्ष मांडीवरच्या उजेडाकडे होतं. तिने दोन्ही रिळं उजेडात धरली होती. "चॉकलेटी," ती स्वतःशीच म्हणाली, आणि पहिल्याच प्रयत्नात सुईत दोरा गेला. मग तिने धाकट्याचा शर्ट उलटा केला आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"हा कोणी शिवलाय रे? बाही नुसती टाचलेली आहे. कॉलर तिरकी. हे सगळं उसवावं लागेल. तू जा, पोरांना सांग आत्या कामात आहे. त्यांचे कपडे घेऊन ये येताना."

"आत्या, पण मी बनियनवर..."

"बाळ्याचा एखादा घाल. त्याला भोक आहे, पण दिसत नाही."

कंपासराव अजून खिडकीत उभे होते, कठड्याला दोन्ही हात टेकून, समोरच्या प्रत्येक आरशाकडे आलटून पालटून रोखून बघत. बिनपडद्याच्या, बिनकडेच्या, एका बाजूने सैल अशा त्या माणसांचा त्यांना कणभर भरवसा वाटत नव्हता. "बघतायत," ते दातओठ खात म्हणाले. "आत्या, ते सगळे आपल्याकडेच बघतायत!"

"बघू देत," आत्या म्हणाली. "तू तेवढा सरक. सावली पडतेय तुझी."